मल्हारचा कोपरा

"मग तुम्हीच सांगा बाबा, इतक्या लांबच्या माणसाच्या दारात जायचं तरी कसं?"

प्राध्यापक मार्तंडरावांनी हे विचारलं तेव्हा तळ्यावर धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. गोसावीबाबा तळ्याकाठच्या मठीच्या ओट्यावर बसून चहा फुंकत होते.

लांबचा माणूस म्हणजे कोण, तर सख्खा धाकटा भाऊ, मल्हार! साखर कारखाना विकावा की राखावा, यावरून दिवाळीच्या फराळावर दोघांचं वाजलं आणि बोलणंच तुटलं. आज मल्हारच्या लेकीचं लग्न. तिनं रडत रडत फोन केला होता, "अंतरपाटाचं एक टोक माझे बाबा धरतील. दुसरं काका, तुम्हीच धरायचं." काकांचाही जीव तुटत होता. पण विद्वत्ता आडवी येत होती ना!

त्यांनी पिशवीतून भलंमोठं कापड काढून ओट्याखाली पसरलं. जगातल्या साऱ्या राजकीय विचारांचा नकाशा. उमेदीची वर्षं घालून केलेला.

"आडवी रेघ पैशाची. कारखाने सरकारचे की मालकांचे. उभी सत्तेची. माणसाला किती मोकळं सोडायचं. तिरकी रूढीची. लोक बिचारे नुसतं डावं-उजवं करत बसतात."

"मल्हार कुठाय?"

"त्या कोपऱ्यात. मी ह्या."

"एकच रेघ होती तेव्हा?"

"तेव्हा... बोटभर लांब होता."

"दुसरी ओढलीस?"

"वीतभर."

"आणि तिसरी..."

मार्तंडरावांनी कापडाच्या थेट पलीकडच्या त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"रेघा वाढवून कुणी जवळ आलं का रे?"

"नाही. नव्या रेघेनं अंतर कमी होतच नाही, बाबा. गणितच आहे ते."

बाबांनी कप खाली ठेवला. मल्हारच्या कोपऱ्याशी जाऊन त्यांनी कापड उचललं.

"धर तुझं टोक."

मार्तंडरावांनी धरलं. धुकं तळ्यावरून वर सरकत आलं, कापडावरच्या रेघा त्यात विरल्यासारख्या झाल्या. समोरचा चेहराही दिसेना. लहानपणी आईचं लुगडं वाळवताना मल्हार असाच पलीकडचं टोक धरायचा, आणि उगाच हसत सुटायचा... मार्तंडरावांना वाटलं, तोच उभा आहे. वेडा कुठला! त्यांचे डोळे भरून आले. नकळत ते पुढे गेले.

कापड सैल पडलं. त्याचा काठ चिखलाला लागला.

"मागं हो," धुक्यातून बाबांचा आवाज आला.

ते मागे सरले. कापड पुन्हा ताणलं गेलं.



"बाबा, जाऊ मी?"

"जा. मुहूर्त गाठ. तिथं अंतरपाट धरताना त्याच्या शेजारी मात्र उभा राहू नकोस."