फुलाचा रुपया

"आबा, तेवढं खरं सांगा... ह्या रुपयावरचं फूल टाकसाळीतच उठलंय, का मागनं कुणी डकवलंय?"

आबा पोतदार तांब्यातलं पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि तांब्या खाली ठेवला.

विचारणारा जालिंदर. विट्याचा, गलाईवाल्याचा मुलगा. भट्टी लावून सोनं-चांदी शुद्ध करून द्यायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यासाठी विट्याची माणसं कुठल्या कुठल्या मुलखात जाऊन राहतात. जालिंदरचा बाप कोईमतूरला होता. एकदा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर त्याने चांदीची लगड घेतली. वितळवली तर आत शिसं! भट्टी बुडाली, बाप गावी परत आला, आणि तेव्हापासून दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचं एवढंच काम त्याला उरलं.

कापल्याबिगर चांदीला चांदी म्हणायचं नाही, ही गाठ जालिंदरने तेव्हाच बांधून घेतली.

मग तो आबांकडे जुनी नाणी पारखायला शिकला. सहा वर्षं. आता फरशीवर रुपया वाजला की तो पाठमोरा त्याचा टंच, म्हणजे चांदीचा कस, सांगायचा, आणि सांगून झाल्यावर कोणी बघतंय का तेही बघायचा.

त्या दिवशी सकाळी आबांनी हा काळपट रुपया त्याच्या हातावर ठेवला होता.

"हे तुझं. पुण्याच्या नाणी जमवणाऱ्या गृहस्थांना पत्र घातलंय, ते उद्या येतील. त्यांच्या पैशात बापाची भट्टी पेटव."

दुसरा कोणी असता तर पाया पडला असता. जालिंदरने आधी रुपया खिडकीच्या उजेडात धरला.

फुकट मिळालेली चांदी म्हणजे काय, हे त्याच्या घराला पक्कं माहीत होतं.

"आबा, काल भट्टीवाला तुमच्याकडनं थैली घेऊन गेला."

"गेला."

"काय दिलंत?"

"राणीछाप रुपये. शंभरावर हुते."

"मोडीत?"

"मोडीत. चांदी चढलीय. तसले रुपये घरोघरी पडलेत, झिजून त्यांची नुसती चांदी झालीय. चांदीच्या भावानं दिले."

"मग ह्यो का न्हाई दिला?"

"ह्याला चांदीच्या भावाचं सोयरसुतक न्हाई. चांदी आभाळाला टेकू दे न्हाईतर विहिरीत पडू दे."

"फुलापायी?"

"फुलापायी. असं फूल असलेले तीनच ठावं हायत."

"आणि फूल नसतं तर?"

"तर कालच्या थैलीत गेला असता."

जालिंदरचं डोकं मात्र थांबेना.

फूल होतं तिळाएवढं. रुपयाच्या कडेला, अक्षरांच्या खाली. भट्टी पेटायची ती त्या तिळावर. आणि चांदी चढल्यापासून बाजारात काय काय चाललंय, हे त्याने कानांनी ऐकलं होतं. लोक घरातली मोड घेऊन गर्दी करत होते, आणि त्या गर्दीत लबाड माणसं साध्या रुपयावर फूल डकवून, नाहीतर साल बदलून भोळ्यांच्या गळ्यात मारत होती.

पण आबा?

आबांना तरी कुणी फसवलं नसेल कशावरून? आणि... आबांनीच डकवलं नसेल कशावरून? त्याला स्वतःची लाज वाटली. तरी शंका गेली नाही.

त्याने रुपया फरशीवर टाकला. आवाज स्वच्छ आला. पण आवाज चांदीचा असतो, फुलाचा नसतो.

त्याने भिंग लावलं. फुलाभोवती काळी रेघ होती. डाग देऊन जोडल्याची खूण म्हणावी तर तशी, आणि जुना मळ म्हणावा तर तसाही.

"आबा, तुम्ही सांगा. तुमचा शब्द पुरे."

"पुरे?"

"...पुरे की."

"मग सांगतो. फूल खरं हाय."

जालिंदरने मान हलवली. आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

आबा हसले. हसणं तसं प्रेमाचंच होतं.

"पुरला न्हाई," ते म्हणाले.

आबांच्या बैठकीजवळ पाटावर हत्यारं मांडलेली असत. काटा, कानस, बारीक छिन्नी. जालिंदरचा हात आपोआप छिन्नीकडे गेला.

"फुलाखाली नुसतं टोक लावून बघू का? डकवलेलं असंल तर सुटून येईल."

"आणि नसंल तर?"

"नसंल तर हलायचं न्हाई."

"नाणं तुझं. हात तुझा."

तो थांबला. आबा अडवतील म्हणून थांबला. अडवलं असतं, तर काहीतरी लपवतायत असं त्याने धरलं असतं. अडवलं नाही, तर त्याला वाटलं, खऱ्या नाण्यावर कोणी छिन्नी लावू देईल का? म्हणजे नाणं खोटंच! संशयी माणसाला दोन्हीकडून पुरावा मिळतो, त्यात त्याची मोठी सोय असते.

शिवाय मनाने हिशेबही करून टाकला. गेलं तर फूल जाईल. चांदी कुठे जाते? आणि एवढ्या चढ्या भावात चांदीचेही बरे पैसे येतात. एरवी अडला असता तो हात भावाच्या जोरावर घट्ट झाला.

त्याने छिन्नी फुलाखाली लावली.

हललं नाही.

थोडा जोर दिला... हललं नाही.

आता सोडायला हवं होतं. पण बापाच्या त्या लगडीलासुद्धा वरून काहीच झालं नव्हतं. सगळं आत होतं. जालिंदरने दात आवळले आणि छिन्नीवर तळहात मारला.

कच्.

त्याने वाकून पाहिलं. खाली पांढरीशुभ्र चांदी होती. कुठे सांधा नाही, डाग नाही. वरपासून खालपर्यंत एकजीव.

"आबा! खरं हाय! डकवलेलं न्हाई, आबा!"

आनंदाने त्याचे डोळे भरून आले. सहा वर्षं ज्याच्या घरचं खाल्लं, त्या माणसावर संशय घेतला होता. तो खोटा ठरला, याचा हा आनंद होता. त्याने पुढे होऊन आबांचे पाय धरले.

"माफ करा आबा. माझ्या मनात नको नको ते आलं..."

आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात बराच वेळ तिथेच राहिला.

मग जालिंदर उठला आणि रुपया बघायला वळला.

फूल रुपयावर नव्हतं. छिन्नीच्या टोकाला कापलेल्या नखासारखी चांदीची एक कपची चिकटली होती.

...

रस्त्यावरून भांडी विकणारी बाई ओरडत गेली.

"आबा... पुण्याचे गृहस्थ उद्या..."

"येऊ नका म्हणून कळवतो."

"दुसरं असलं नाणं..."

"न्हाई."

जालिंदर खाली बसला. दारात बसलेला बाप त्याच्या डोळ्यांपुढे आला. आज घरी जाऊन त्याला काय सांगायचं? कपची त्याने बोटाच्या टोकावर घेतली. श्वास लागून उडेल म्हणून तोंडापुढे हात धरला. मग तो एकदम घाईने बोलायला लागला.

"आबा, जोडता येईल की! माझा हात बसलाय. बारीक डाग द्यायचा, वरनं थोडं काळं करायचं. भिंगातनंसुद्धा कुणाला कळायचं..."

बोलता बोलता आपण काय बोलतोय ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. तो थांबला.

आबांनी काटा पुढे ओढला. रुपया एका पारड्यात टाकला. जालिंदरच्या बोटावरची कपची अलगद उचलून रुपयाशेजारी ठेवली. दुसऱ्या पारड्यात वजनं घातली. काटा हलला, डुलला आणि मधोमध उभा राहिला.

"चांदी भरली पुरी," आबा म्हणाले. "उद्यापासनं रोज भाव विचारत जा."