श्वासाचा रकाना

“मग माझं कुणी खरं का मानलं नाही, माई? मी डोळ्यांनी बघत होते. घसा फोडून सांगत होते. एकानं म्हणून ऐकलं नाही.”

हर्षदा घोगरे टेकडी चढून आली ती हे बोलतच आली. पायरीवर चपला काढल्या, पाया पडली, पण तोंड थांबलं नाही.

माई बाजेवर उन्हाला बसून तूर निवडत होत्या.

“बस,” त्या म्हणाल्या.

पंचवीस वर्षांपूर्वी माई या मठीत आल्या. आधी शहरात नर्सिंगमध्ये होत्या, एवढंच गावाला ठाऊक. इथं आल्यावर त्यांनी जुनं नाव टाकलं, नातीगोती टाकली, पांढरं पातळ तेवढं ठेवलं.

हर्षदा उपजिल्हा रुग्णालयात सहा वर्षं स्टाफ नर्स. हाताला चपळ, जिभेला त्याहून. तिला एकच गोष्ट झोंबायची. तिचं नर्सिंग कॉलेज तालुक्याच्या गावी, मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली लग्न लागलं की वर वर्ग सुटायचा. शहरात शिकलेल्या सिस्टर तिला विचारायच्या, डिग्रीबरोबर अक्षताही वाटल्या का गं?

आणि आता हे गोदाक्काचं झालं.

गोदाक्का म्हेत्रे साठीची बाई. ताप-खोकल्यानं वॉर्डात आली. तीन दिवस हर्षदाच तिचं बघत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी हर्षदाच्या लक्षात आलं, हिचं लक्षण बरं नाही. नाकपुड्या फुलताहेत, बोलताना शब्द तुटतोय. ती डॉक्टरांकडे धावली. हिला आत्ताच्या आत्ता जिल्ह्याला पाठवा म्हणाली. बाहेर शंभर माणसं खोळंबलेली. डॉक्टरांनी खाटेला अडकवलेला तक्ता उचलला, वरपासून खालपर्यंत बघितला, परत अडकवला. सगळं ठीक आहे, सिस्टर, उगाच नातेवाइकांना घाबरवू नका, म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी धावपळ झाली, पण तोवर वेळ गेली होती. गोदाक्का ॲम्ब्युलन्समध्येच संपली.

“माझ्या जागी शहरातली असती ना, तर डॉक्टर पळत आला असता,” हर्षदा म्हणाली. “माझ्या कॉलेजचं नाव ऐकलं की माणसं कानात बोळे घालतात.”

म्हणून तिनं एम.एस्सी. नर्सिंग करायचं ठरवलं होतं. दोन ठिकाणी नंबर लागला होता. एक शहरातलं नामांकित कॉलेज. तिथं शिकले म्हटलं की समोरचा खुर्ची पुढे करतो. दुसरं जिल्ह्याचं सरकारी, एसटीनं तासाभरावर, जिन्यात पोपडे उडालेलं. मोठ्या कॉलेजला जायचं तर तीन वर्षांच्या लेकीला दोन वर्षं आईकडे टाकून जावं लागणार होतं. आणि आज शुक्रवार. सोमवारी पाचच्या आत कुठं तरी एकीकडे हजर व्हायचं होतं.

तिनं पर्समधून दोन चिठ्ठ्या काढल्या आणि बाजेवर ठेवल्या.

“कौल द्या, माई. तुमचा हात पडेल तिथं जाते.”

माईंनी चिठ्ठ्यांकडे बघितलं. सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“पेशंटचा तापही चिठ्ठ्या टाकून बघतेस का गं?”

हर्षदानं पर्सची चेन ओढली.

“सामान आणलंयस ना? मग आधी माझं बघ.”

दर महिन्याला माईंची तपासणी करून मठीतल्या वहीत लिहायची, हा हर्षदाचा नेमच होता. तिनं वही काढली. थर्मामीटर लावला, दंडाला पट्टा बांधला, मग मनगट धरून घड्याळाकडे बघत नाडी मोजली. मनगट सोडलं आणि लिहायला घेतलं. हात चालू, तोंडही चालू. मोठ्या कॉलेजचा नंबर राज्यात कितवा, तिथल्या मुली परदेशात कशा जातात, तिथून आलेल्या बाईपुढे डॉक्टरसुद्धा कसे अदबीनं बोलतात... ताप, बीपी, नाडी, श्वास. चारही रकाने भरले. अक्षर सुरेख. वही मिटली.

माई काहीच बोलेनात.

हर्षदानं वर बघितलं. माईंचे डोळे मिटलेले. चेहरा काळानिळा. छाती हलत नव्हती.

“माई... माई!”

तिनं खांदा धरून हलवलं. तेव्हा माईंनी तोंड उघडलं आणि भाता सोडावा तसा श्वास सोडला. दोन-तीनदा खोकल्या. मग पदरानं तोंड पुसलं.

“म्हाताऱ्या माणसाला किती वेळ दम धरायला लावतेस,” त्या म्हणाल्या. “काय लिहिलंस?”

“कशात?”

“श्वासाच्या रकान्यात. मिनिटाला किती? वाच.”

हर्षदानं वही उघडली.

“अठरा.”

“मनगट सोडलंस तेव्हापासून मी श्वास घेतला नाही. त्याआधी तुझे डोळे घड्याळावर होते. माझ्या छातीवर कधी आले?”

हर्षदानं वहीतल्या आकड्यावर बोट ठेवलं.

“गोदाक्काच्या तक्त्यात काय होतं?”

खालच्या रस्त्यानं एसटी गेली. तिचा आवाज पार विरला. मग हर्षदा म्हणाली,

“अठरा.”

“किती वेळा?”

“तिन्ही दिवस.”

“त्या दुपारी?”

“त्या दुपारीसुद्धा.”

“अक्षर कुणाचं?”

“...माझं.”

“आणि डॉक्टरनं तोच तक्ता बघितला.”

“हो.”

“मग त्यानं कुणाचं खरं मानलं?”

हर्षदा रडणारी बाई नव्हती, चिडणारी होती. ती चिडली. म्हणाली, चाळीस खाटा आणि दोन सिस्टर, कुणाच्या छातीकडे मिनिटभर बघत बसायचं? सगळ्याच जणी लिहितात. धडधाकट माणसाचे असतात तेवढे, अठरा लिहितात, नाहीतर वीस. डॉक्टरांनाही ते ठाऊक असतं. आणि आम्हाला शिकवलंच तसं. म्हणून तर चांगल्या कॉलेजात जायचंय. लग्नाच्या हॉलवर भरणाऱ्या वर्गात माणूस दुसरं काय शिकणार?

माईंनी सगळं ऐकून घेतलं. सूप खाली ठेवलं.

“तुला शिकवलं कुणी?”

हर्षदाचा आवाज खाली आला. त्या कॉलेजात एकच बाई सोन्यासारखी होती, कांबळे मॅडम. खाली बँड वाजत असताना दार लावून शिकवायच्या. सुई टोचताना पेशंटशी कसं बोलायचं, मेलेल्या माणसाला आंघोळ कशी घालायची, सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं. आणि हेही त्यांनीच. श्वास चाललाय ना? मग अठरा लिहा आणि पुढच्या खाटेला चला.

“त्या कुठं शिकल्या?”

हर्षदानं बाजेकडे बोट दाखवलं.

कांबळे मॅडम शिकल्या त्या कॉलेजचं नाव बाजेवरच्या एका चिठ्ठीत होतं. मोठ्या कॉलेजचं.

“तिथं असलं शिकवत नसतील,” ती म्हणाली. “मॅडमनी मागनं कुठून तरी उचललं असेल.”

“तिथला साठ खाटांचा वॉर्ड,” माई म्हणाल्या. “आठ वाजता मोठ्या सर्जनची फेरी. आठच्या आत सगळे तक्ते भरलेले लागायचे. एक जरी कोरा राहिला तर पोरींना सगळ्यांदेखत फाडून खायचा. पोरी संडासात जाऊन रडायच्या. त्यांना शिकवणारीला दया आली. तिनं त्यांना सोपी वाट दाखवली.”

“मग?”

“मग काय? आठच्या आत सगळे तक्ते भरायला लागले. बघायला येणारे वाखाणून जायचे. कॉलेजचं नाव झालं.”

हर्षदा चिठ्ठ्यांकडे बघत राहिली.

“आता मोज,” माई म्हणाल्या. “पूर्ण मिनिट. तोंड बंद ठेवून.”

हर्षदानं घड्याळ हातात धरलं, पण डोळे माईंच्या छातीवर ठेवले. पांढरं पातळ वर उचललं जायचं, खाली बसायचं. मधेच एकदा अडखळायचं. सहा वर्षांत तिनं एक अख्खं मिनिट कुणाकडे असं बघितलं नव्हतं. मिनिट फार मोठं निघालं.

“बावीस.”

तिनं अठरावर काट मारली आणि बावीस लिहिलं.

“सोमवारी मी कुठं जाऊ, माई?”

“मधे दोन दिवस आहेत. दोन्हीकडे जाऊन ये. ऑफिसात जाऊ नकोस, भिंतीवरच्या फोटोंपुढे उभी राहू नकोस. वॉर्डात जा. तिथल्या पोरींनी भरलेले तक्ते बघ. जिथं सगळी माणसं सारखाच श्वास घेतात, तिथून माघारी फीर.”

हर्षदानं चिठ्ठ्या पर्समध्ये टाकल्या. उठली नाही. पर्सचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत बसली.

“आणि गोदाक्का?” ती शेवटी म्हणाली. “माई, तिचा दोष कुणाच्या माथी? माझ्या? मॅडमच्या? का त्या कॉलेजच्या?”

माईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. वही हर्षदाच्या पुढ्यात सरकवली.

“कॉलेजला हात नसतात लिहायला. नाव लिहून घे.”

“कुणाचं?”

माईंनी पेन उचलून तिच्या हातात दिलं.

“पंचवीस वर्षांत इथं कुणाला माझं ते नाव सांगितलेलं नाही, म्हणून सावकाश सांगते. पोरींवर दया दाखवणारी ती. सिस्टर ट्यूटर अनसूया गव्हाणे.”