वेशीवरचा घास

सीना नदीच्या काठी हिवरगव्हाण नावाचे गाव आहे. तुळाजी महाराज उतारवयात तिथे आले आणि गावाबाहेरच्या खंडोबाच्या देवळात राहिले. अंगावर जाडेभरडे उपरणे, जवळ कड तुटलेली एक लोटी, बोलणे मोजके आणि खरे. गावाने त्यांना जागा दिली, लोक त्यांच्या पाया पडू लागले, आणि पूर्वी वागत होते तसेच वागत राहिले. गावे अशीच असतात, भाविक हो. पाया पडायला काय लागते? कंबर वाकवली की झाले.

त्या गावात ठकूबाई नावाची विधवा होती. हैबतराव देशमुखांच्या घरी दळणकांडण करून तिने एकुलत्या एका लेकीला, रंगूला, लहानाचे मोठे केले होते. रोज घरी परतताना ती देवळाशी थांबे, महाराजांपुढे चतकोर भाकरी ठेवी आणि काही न मागता निघून जाई.

रंगूचे लग्न ठरले तेव्हा हैबतरावांनी ठकूबाईला बोलावून घेतले. ते म्हणाले, "ठके, लग्न माझ्या दारात कर. धान्य माझं, मांडव माझा. तू फक्त सगळ्यांदेखत एवढंच सांगायचं, की मालकांनी माझी लेक उजवली."

ठकूबाईने हात जोडले. "मालक, तुमचं मीठ खाल्लंय, ते इसरायची न्हाई. पर लेकीच्या लग्नाला माझ्या हातचं शिजू द्या. सुगीत शेतातल्या पडलेल्या ओंब्या येचून थोडं गहू साठीवल्यात. महाराजांच्या किरपेनं पुरंल."

"महाराजांच्या कृपेनं?" हैबतराव खो खो हसले. "अगं, तो तुझ्या चतकोरावर जगतो, तो तुला काय पुरवणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येईल?" बैठकीतले लोकही हसले. ठकूबाई खाली मान घालून घरी आली.

हैबतराव हसले खरे, पण नकार त्यांच्या मनातून जाईना. दळण दळणाऱ्या बाईने आपले दान नाकारावे म्हणजे काय!

हिवरगव्हाणात लग्नाचे आवतण दोन तऱ्हेचे असे. ऐपत बेताची असली तर 'घरटी एक', म्हणजे प्रत्येक घरातून एकाच माणसाने जेवायला यायचे. ऐपत मोठी असली तर 'चूलबंद', म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी लग्नघरी जेवायचे. ठकूबाईने मल्हारी गुरवाला घरटी एक सांगायला धाडले होते. हैबतरावांनी त्याला वाटेत गाठले आणि म्हटले, "चूलबंद सांग." मल्हारी चाचरला. पण देवळाची जमीन देशमुखांच्या मर्जीवर होती. तो दारोदार चूलबंद सांगत फिरला. घरोघरी लोक म्हणाले, ठकूबाईची छाती मोठी!

ठकूबाईला यातले काही ठाऊक नव्हते. तिच्या मनात एकच गोष्ट होती. विधवेला मांडवात मज्जाव. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडतानाही तिने परसातल्या चुलीशी बसायचे. पण गावाची एक जुनी चाल होती. सासरी निघालेल्या मुलीला वेशीवर आईने घास भरवायचा, आणि तिथे मात्र सवाशीण-विधवा कुणी पाहत नसे. आदल्या दिवशी रंगू तिच्या गळ्यात पडून म्हणाली होती, "आये, मांडवात न्हाई तर न्हाई. येशीवर येशील न्हवं?"

"यीन की गं! न यायला काय झालं?" ठकूबाई म्हणाली होती. त्या घासासाठी तिने लापशी शिजताच पहिली वाढ द्रोणात काढून चुलीच्या कडेला झाकून ठेवली.

दुपारी लग्न लागले. चुलत्याने कन्यादान केले. वऱ्हाडाची पंगत लापशी आणि आमटी जेवून तृप्त झाली. ठकूबाईने सुस्कारा टाकला, तोच बाहेर गलका झाला. बाया, पोरे, काठी टेकत आलेली म्हातारी माणसे, सारा गाव लोटला होता.

"अगं, एवढी समदी कशी?" तिने शेजारणीला विचारले.

"कशी म्हंजी? चूलबंद म्हनला की मल्हारी!"

ठकूबाईने वळून चुलीवर डोकावले. पातेल्यात लापशी तळाला गेली होती. दारात नवऱ्या मुलाचा बाप उभा होता. तो लोकांना ऐकू जाईल असा म्हणाला, "जिच्या दारातून पंगत उपाशी उठंल, तिची लेक आम्ही आमच्या चुलीशी बसवायची न्हाई. इथंच ठिवून जाऊ." आणि तो लग्नाच्या गाडीशी जाऊन बसला.

तेवढ्यात परसाच्या कवाडातून महाराज आत आले. कुणी बोलवायला गेले नव्हते. त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले, पातेल्यावर पसरले आणि ओगराळे उचलून ठकूबाईच्या हातात दिले.

महाराज म्हणाले, "उपरणं न उचलता वाढत जा, माय. शेवटचा माणूस पानावरून उठेपर्यंत हे ओगराळं हातातून सोडू नकोस, आणि दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस. हे धान्य तुझ्या कष्टाचं आहे. तुझ्याच हातून पुरेल."

"आन् रंगूची पाठवनी?" तिने विचारले. महाराजांनी तिची मूठ ओगराळ्याच्या दांड्यावर मिटवली.

ठकूबाई परसातून वाढप्यांची भांडी भरून देऊ लागली, आणि ओगराळे आत गेले की भरून येई! एक पंगत उठली, दुसरी बसली. पोरांनी पोट भरून खाल्ले, म्हाताऱ्यांनी मागून घेतले, आणि लापशीला वाफ येतच राहिली. नवऱ्याच्या बापाची मान आपोआप खाली गेली. "झालं गेलं इसरा, इहीनबाई," तो परसाकडे तोंड करून म्हणाला, "पर दिस कलला. अंधाराआधी नदी उतराय पायजे. आम्ही गाडी जुपतो, तुम्ही येशीवर या."

उरली होती शेवटची पंगत. तिच्यात गावकुसाकडची, गावाच्या कडेला राहणारी गरीब माणसे होती. आवतणावर विश्वास ठेवून त्यांनी खरोखरच सकाळपासून चूल पेटवली नव्हती. त्यांच्यासाठी ठकूबाई थांबली, आणि ते योग्यच होते. पण त्याच पंगतीत, सर्वांच्या वरच्या पानावर, हैबतराव देशमुख येऊन बसले. परसातूनच ठकूबाईने रीतीप्रमाणे सर्वांना म्हटले, "सावकाश होऊ द्या."

गावकुसाची माणसे भराभरा जेवली. हैबतराव मात्र जेवेनात, उठेनात. मानकरी उठल्याशिवाय पंगतीतले कुणी उठत नाही, ही रीत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक होती?

"वाढा," ते म्हणाले. वाढले. "आणखी वाढा." पुन्हा वाढले. पोट कधीच भरले होते, पण पातेल्याचा तळ बघितल्याशिवाय हलायचे नाही, असे त्यांनी मनाशी धरले होते. पुढे बसलेली माणसे रिकाम्या पानावर हात वाळवत बसून राहिली. एक म्हातारी कळवळून म्हणाली, "मालक, उठा की. पोरीची गाडी येशीला लागली."

"यजमानीणच म्हणाली ना, सावकाश होऊ द्या?" हैबतराव म्हणाले. "वाढा."

वेशीवरून सनई ऐकू येत होती. गाडी थांबली होती. सनईवाल्याने एकदा वाजवून संपवले, पुन्हा धरले, पुन्हा संपवले. ठकूबाई एका हाताने वाढत होती आणि वेशीच्या दिशेने पाहत होती. वाऱ्यावर एक हाक आली, "आये!" ठकूबाई उठली. ओगराळे तिच्या हातातून सुटायला आले. दारातून दिसणाऱ्या पंगतीत रिकाम्या पानावर एक लेकरू आणखी मागत होते. ती पुन्हा खाली बसली.

मग बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजल्या. सनई नदीच्या उतरणीला लागली, बारीक होत गेली आणि थांबली.

एवढे ऐकून हैबतराव उठले. हातही न धुता तरातरा परसात आले आणि त्यांनी पातेल्यावरचे उपरणे ओढून काढले. आत लापशीचा कण नव्हता. तळाशी फक्त करपलेली खरवड होती, आणि तीही सकाळचीच, वाळून कडक झालेली. मग त्यांना चुलीच्या कडेचा झाकलेला द्रोण दिसला.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारले.

"रंगूचं," ठकूबाई म्हणाली. "येशीवरचा घास."

लापशी थिजली होती. द्रोणाला मुंग्या लागल्या होत्या.

हैबतराव महाराजांच्या पायांकडे झेपावले. महाराजांनी पाय मागे घेतले. आजवर त्यांनी कुणापासून पाय मागे घेतले नव्हते.

महाराज म्हणाले, "पातेलं भरायचं काम देवाचं होतं, हैबतराव. ते त्यानं केलं. पंगतीतून उठणं तेवढं तुझ्या हातात होतं."

"मी घोडं पिटाळतो, महाराज! नदीवर गाठतो, गाडी माघारी आणतो!"

"नगं, मालक," ठकूबाई म्हणाली. "येस वलांडलेली लेक माघारी वळवत न्हाईत."

आम्ही कथा सांगणारे पुष्कळ जण पुढे विचारत आलो, की ज्या महाराजांनी रिकामे पातेले भरले त्यांनी गाडी का थांबवली नाही? मला याचे उत्तर सापडलेले नाही, आणि ज्यांना सापडले असे ते म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. महाराज मात्र त्या संध्याकाळी रडले, एवढे सांगतात.

हैबतराव देशमुखांनी डोक्यावरचा फेटा उतरवला. ज्या बाईला त्यांनी जन्मभर 'ठके' म्हणून हाक मारली, तिच्यापुढे चुलीच्या राखेत त्यांनी कपाळ टेकले आणि ते हुंदके देऊ लागले. ठकूबाईच्या हातात अजून ओगराळे होते. बोटे इतकी आखडली होती की ती उघडत नव्हती.

बराच वेळ झाला. महाराज म्हणाले, "ऊठ, हैबतराव. पुरे झालं."

ठकूबाई वेशीकडे पाहत होती. वळूनही न बघता ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, महाराज. आता गाडी गेली. सावकाश होऊ द्या."