कपाटात ठेवलेलं घड्याळ

खाडीवर पूल व्हायच्या आधीची गोष्ट. आवडाक्का पाण्यात उतरून खडकावरची कालवं काढायची. लेकीने तिला एक घड्याळ आणून दिलं. स्वस्तातलं, पण पाण्यात बुडवलं तरी चालणारं. त्याला ना सेल, ना रोज किल्ली. हात हलत राहिला की ते आपसूक चालायचं.

पहिल्याच दिवशी कालवाच्या शिंपल्याच्या धारेने त्याच्या काचेवर ओरखडा उमटला. आवडाक्काचा जीव कळवळला. "नवी कोरी वस्तू ती! लग्नाकार्यालाच घालीन हो तुका," म्हणत तिने ते पुसून कपाटात, चांदीच्या करंड्याशेजारी ठेवलं.

"सुटलंस बाबा!" करंडा म्हणाला. "इथे कुणाला ओरखडा येत नाही. मी तर फक्त गौरीला बाहेर पडतो."

घड्याळालाही बरं वाटलं. पण दोन दिवसांत त्याची टिकटिक मंदावली आणि मग थांबलीच.

भाचीच्या लग्नाला निघताना आवडाक्काने ते काढून कानाशी धरलं. "अगो बाय, मेलं की काय!" तापातल्या लेकराला हलवावं तसं तिने ते हलवलं. टिक. टिक टिक. तिचे डोळे भरून आले. "तुका माझो हातच व्हयो!"

त्याला हातच हवा, म्हणून त्यानंतर ते तिच्या मनगटावरून उतरलं नाही, कालवं काढतानाही नाही.

गौरीच्या दिवशी करंडा बाहेर आला. घड्याळाच्या काचेवर बोट ठेवायला जागा नव्हती, इतके ओरखडे.

"दुखलं असेल ना रे?" करंड्याने विचारलं.

"दुखलं," घड्याळ म्हणालं. "पण तू मला विचार तरी, किती वाजले!"