महाराजांच्या खांद्यावरचा वळ

त्या वर्षी निर्मळ महाराजांचा मुक्काम पिंपळदरीला, ओढ्याकाठच्या मठीत होता. रखमाजी हा गावातला त्यांचा भक्त. खोंडांना गाडीचे वळण लावणे हे त्याचे काम. नव्या खोंडाशेजारी तो नेहमी एखादा म्हातारा, शहाणा बैल जुंपी आणि स्वतः खोंडाच्या मानेवर हात ठेवून, "हो राजा, कोण मारतंय तुला?" म्हणत चाले. चाबूक त्याच्या घरात नव्हताच.

या भल्या माणसाने आता भलताच खोंड घरी आणला होता! भिवा. पंधरा वर्षांचा, आईबापाविना वाढलेला, तोंडात सदा शिवी, मानेवर कुणी हात ठेवला की झटकणारा. पळून जाई, तेव्हा रखमाजी त्याच्या वाट्याची भाकरी झाकून ठेवी. एकदा तर पोराने इनामदारांची गवताची गंजीच पेटवली.

"पेटवली! काय करशील?" भिवा छाती काढून म्हणाला.

"आधी जेव," रखमाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून रखमाजी स्वतः गवत कापून गंजी भरून देऊ लागला. दोन दिवस भिवा बांधावर बसून बघत राहिला. मग कुणी न सांगता विळा घेऊन शेजारी आला.

पण इनामदारांचा राग गेला नव्हता. भर देवळात ते गरजले, "रखम्या, बैलाला वेसण असते. या कार्ट्याला कुठं घालणार? यात्रा उरकली की हे शिवेबाहेर गेलं पाहिजे!"

लोक हसले. रखमाजीने हात जोडले, मान मात्र वाकवली नाही. "मग मीबी त्याच्यासंगं जाईन, सरकार. अर्ध्या वाटेत जू सोडायची माझी रीत न्हाई."

मठीत आल्यावर मात्र त्याला रडू फुटले. "महाराज, माझा एकट्याचा हात तोकडा पडतोय."

महाराज म्हणाले, "तू एका अंगाला उभा आहेस ना? दुसरं अंग आम्ही सांभाळू."

यात्रेला देवाची गाडी उतारावरून ओढ्यावर स्नानाला जाई. बैलांचा मान इनामदारांचा. यंदा त्यांनी शिंगे रंगवून, झुली घालून दोन्ही कोरे, जुवाची सवय नसलेले खोंडच जुंपले. "सरकार, एक तरी जुना घाला," रखमाजीने विनवले.

"देवाच्या गाडीला म्हातारा बैल? शोभतं का ते?"

ताशे कडाडले आणि खोंड उधळले! गाडीवान खाली फेकला गेला. गाडीत देवाचा मुखवटा आणि त्याला घट्ट धरून बसलेला इनामदारांचा लहानगा नातू. खाली खोल ओघळ.

रखमाजी धावला, पण त्याच्या आधी भिवा पोहोचला होता. डाव्या खोंडाच्या गळ्याला मिठी मारून तो फरफटत चालला होता आणि पुटपुटत होता, "हो राजा, हो. कोण मारतंय तुला?" रखमाजीचेच शब्द होते ते! उजव्या खोंडाजवळ मात्र कुणीच नव्हते. तरीही शेजारी कुणी जाणता चालत असावा तशी त्याने मान खाली घातली, पाऊल आवरले. ओघळीच्या काठावर गाडी उभी राहिली.

"ही महाराजांचीच कृपा!" म्हणत सारे गाव मठीकडे लोटले. महाराज आसनावरून हललेही नव्हते, असे तिथली माणसे शपथेवर सांगत होती. पण त्यांच्या अंगावरची छाटी सरकली आणि रखमाजीने पाहिले. खांद्यावर जुवाचा ताजा, लालबुंद वळ होता.

इनामदार पायांवर पडू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले. "आम्ही कोण? ज्यांना शिवेबाहेर घालवत होता, ते तिकडे उभे आहेत."

इनामदारांनी पगडी उतरवली आणि ते रखमाजीपुढे वाकले. मग भिवाकडे वळले.

भिवा तसाच ताठ उभा. "पाया पडू नका माझ्या. गंजी भरून दिलीय. अन् मी शिवेबाहेरबी जाणार न्हाई!"

महाराज खदखदून हसले. "अरे, तुला कोण घालवतो आता!"

रखमाजीने पोराच्या मानेवर हात ठेवला. भिवाने या वेळी तो झटकला नाही. आणि नको नको म्हटले तरी इनामदार त्याच्यापुढे वाकलेच.