टेम्पोतला धोंडा

"म्हणजे माझ्या बापाला इथून काढणार तुम्ही? सरळ सांगा ना, इनास काका! काढणार?"

इनास बांधावर बसून उकडलेलं अंडं सोलत होता. ईस्टरची सकाळची मिस्सा, देवळातली प्रार्थना, नुकतीच सुटलेली. चाळीस दिवसांचा उपास त्या अंड्यावर सोडायचा होता, आणि त्याला कसलीही घाई नव्हती.

"उद्या काढणार," तो म्हणाला.

विचारणारा विल्फ्रेड रुमाव. कुवेतला चौदा वर्षं. अत्तर असं मारलेलं की दहा पावलांवरून शिंक यावी. इनास म्हणजे आमच्या गावचा कबर खोदणारा. शाळा बघितली नाही, पण अडलं की फादरसुद्धा त्याच्याकडे येतात.

आमची दफनभूमी लहान. पाच वर्षं झाली की कबर उघडायची, हाडं गोळा करून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची, आणि त्या जागी पुढच्याला झोपवायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. कुणाला वाईट वाटलं तरी जागा काही वाढत नाही.

"उद्या कोणासाठी?"

"सिमाव डाबरे. काल गेला. सणाच्या दिवशी माती नाही, म्हणून उद्या. पाळी तुझ्या बापाच्या जागेची."

"सिमाव? बाबांसोबत ताडी प्यायचा तो?"

"तोच. तुझा बाप आपल्यातला अर्धा लोटा त्याला द्यायचा. जागा द्यायला नाही म्हणेल होय?"

फाटकात टेम्पो उभा होता. त्यातले चार हमाल हसले. टेम्पोत संगमरवराची लादी, दाराएवढी. वर सोनेरी अक्षरं : 'बावतीस रुमाव येथे कायमचे विसावले.'

"काका, ही लादी मी आजच बसवतो. जागा कायमची करून द्या."

"कायमची?" इनासने अंड्याला मीठ लावलं. "चाळीस वर्षं झाली खोदतोय. इथं कायमचा मी एकटाच."

"मी फादरांकडे जाईन."

"जा. ते म्हणतील, इनासला विचार."

...

"मिस्साला होतास?" इनासने विचारलं.

"पहिल्या बाकावर."

"मग सांग. त्या बाया पहाटे येशूच्या कबरीकडे निघाल्या. वाटेत त्यांना काळजी कसली?"

हे विल्फ्रेडला पाठ. लहानपणी धर्मशिक्षणाची सगळी बक्षिसं यानेच नेलेली. छाती काढून म्हणाला, "मार्क, अध्याय सोळावा. कबरीच्या तोंडावरचा धोंडा आपल्याला कोण बाजूला करून देईल?"

"मग?"

"मग बघतात, तर धोंडा आधीच बाजूला. येशू उठलेला."

"म्हणून आज सगळा गाव गातोय?"

"म्हणूनच तर!"

इनासने अर्धं अंडं तोंडात टाकलं. सावकाश चावलं. मग उरलेल्या अर्ध्यानेच टेम्पोकडे दाखवलं.

"आणि तू आजच घेऊन आलास."

...

हमालांतला एक फिस्सकन हसला. विल्फ्रेड हसला नाही, रागावलाही नाही. लादीकडे बघत राहिला. बोलला तेव्हा त्याचा आवाज पार बारीक झाला होता.

"काका... मी मातीला नव्हतो."

"ठाऊक आहे."

"रजा दिली नाही त्यांनी. बहिणीने फोन चालू ठेवला होता. फावड्याचा आवाज तेवढा ऐकला मी."

"माझंच फावडं."

"...त्याला काहीतरी द्यायचं होतं. जड. कुणी हलवणार नाही असं."

इनास उठला. गुडघे कुरकुरले, त्यांना त्याने एक शिवी घातली. उरलेलं अर्धं अंडं विल्फ्रेडच्या हातावर ठेवलं.

"खा."

"काका, मी नाश्ता—"

"खा रे."

त्याने खाल्लं. उभ्या उभ्या, शहाण्या पोरासारखं.

"उद्या आठला उघडतो," इनास म्हणाला. "मी खाली उतरणार. एकेक हाड वर देणार. वर घ्यायला घरचा माणूस लागतो."

"घरचा... म्हणजे मी? हातात?"

"नाहीतर काय, कुवेतला पाठवू?"

आता मात्र विल्फ्रेडला हसू आलं. हसता हसता डोळे पुसले. मग हमालांना ओरडून म्हणाला, "घेऊन जा रे ती परत! भाडं मिळेल, तोंडं बंद करा." टेम्पो धूर सोडत गेला. देवळात पोरं अजून घंटा वाजवत होती, कुणी थांबवतही नव्हतं.

"काका, उद्या येताना काय आणू?"

"पांढरा कपडा, हाडं बांधायला. धुतलेला."

"आणखी?"

इनासने हातावरचं मीठ झटकलं.

"तोंड पाडून येऊ नकोस. बाप भेटायचाय तुला."