वेत्रेच्या पलीकडे

पूर्वी कुरंगपूर नगरात तुंगबल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मला होता. त्याचे नाव क्षेमंकर. सोळा वर्षे आचार्य पिंगलांच्या घरी राहून तो वैद्यविद्या शिकला आणि पुढे त्याच नगरात लोकांना औषधे देऊ लागला. कुमुदा ही त्याची पत्नी आणि सहा वर्षांची सारिका ही मुलगी.

नगराच्या समोरून वेत्रा नदी वाहत असे. पलीकडच्या काठावर शालवती नावाचे गाव होते. एका पावसाळ्यात त्या गावात फोडांचा ताप शिरला. अंगभर फोड उठत, डोळे चिकटून जात आणि आठ-दहा दिवसांत माणूस दगावे. राजाने घाट बंद करून नावा ओढून घेतल्या. पलीकडे काय चालले आहे हे पुढे कोणी विचारीनासे झाले.

त्या दिवसांत आचार्य पिंगल अंथरुणाला खिळले होते. त्यांनी क्षेमंकराला बोलावून घेतले आणि म्हणाले, "शालवतीला जा."

"आचार्य, या तापावर औषध नाही. तुम्हीच मला तसे शिकवले आहे."

"नाही, हे खरे."

"नाव नाही. नदी दुथडी भरून वाहते आहे."

"तेही खरे."

"मग मी तिथे जाऊन काय करू?"

"ते मला माहीत नाही," आचार्य म्हणाले. "तिथे माणसे आजारी आहेत आणि त्यांच्यापाशी वैद्य नाही, एवढेच मला माहीत आहे. तू जा. काय करायचे ते तिथे गेल्यावर दिसेल."

आजाराने आचार्यांची बुद्धी मंदावली असेल, असे क्षणभर बोधिसत्त्वाच्या मनात आले. पण जिथे स्वतः गेले नसते अशा ठिकाणी त्यांनी सोळा वर्षांत त्याला एकदाही पाठवले नव्हते. त्याने त्यांच्या पायांवर डोके ठेवले.

घरी कुमुदा म्हणाली, "नाही म्हटलेत तर तुम्हाला कोण दोष देईल?"

"कोणीच नाही. मलाही भीती वाटते. पण मघापासून मी न जाण्याची कारणे शोधतो आहे, आणि ती सगळी मला लगेच पटत आहेत. म्हणूनच निघतो."

तिने सातूच्या पिठाची पुरचुंडी बांधून दिली. सारिकेला झोपेतून उठवू नका, असे ती म्हणाली. मुलीच्या कपाळावर हात ठेवून तो निघाला.

त्याला पोहणे बेताचेच येत होते. सुक्या भोपळ्यांची सांगड छातीशी बांधून तो पुरात उतरला. प्रवाहाने त्याला कोसभर खाली वाहवत नेले. पलीकडच्या चिखलात तो बाहेर पडला तेव्हा सातूचे पीठ आणि औषधांची पिशवी दोन्ही गेली होती.

पहिले काही दिवस त्याने आजाऱ्यांना पाणी पाजले, त्यांची अंगे पुसली आणि मेलेल्यांना अग्नी दिला. याहून काहीच सुचत नव्हते. मग त्याचे लक्ष एका म्हाताऱ्या कुंभाराकडे गेले. कुंभाराच्या तोंडावर फोडांचे जुने वण होते. घरातली पाच माणसे त्याच्या मांडीवर गेली, पण त्याला ताप पुन्हा शिवला नव्हता. बोधिसत्त्वाने असे वण असलेली सात माणसे गावात शोधून काढली. आजाऱ्यांची सेवा त्यांच्याकडे दिली आणि ताप न आलेल्या माणसांना गावाबाहेरच्या आमराईत नेऊन ठेवले. हळूहळू चिता कमी झाल्या.

आमराईत पुष्यक नावाचा एक तरुण होता. त्याची बायको बाळंतपणाला कुरंगपुरात माहेरी गेली होती. तो रोज विनवण्या करी, "एकदा मुलाचे तोंड पाहून येतो. मला काही झालेले नाही." तो धडधाकट दिसत होता. बोधिसत्त्वाला त्याची दया आली आणि भोपळ्यांची सांगड देऊन त्याने त्याला जाऊ दिले.

पंधरा-वीस दिवसांनी कुरंगपूरच्या काठावर चितांचा धूर दिसू लागला. एका नावाड्याने मध्य प्रवाहात नाव उभी करून बातमी सांगितली. पुष्यक तापाने गेला होता. त्याचे मूलही गेले होते. ताप नगरात पसरत होता.

बोधिसत्त्व त्या दिवशी जेवला नाही. वण असलेल्यांनीच सेवा करावी, हा निरोप त्याने नावाड्याकडून नगरात धाडला. मग सगळ्या गावाला एकत्र बसवून तो म्हणाला, "हा ताप मीच पलीकडे नेला. आता शेवटच्या आजाऱ्याच्या खपल्या गळून पडल्यावर चाळीस दिवस होईपर्यंत इथून कोणीही नदी ओलांडायची नाही. मीसुद्धा नाही." पहिली शपथ त्याने घेतली, नंतर गावाने.

त्यानंतर चुंदी नावाची एक विधवा त्याच्याकडे आली. तिचा एकुलता एक मुलगा नगरात कामाला होता आणि तापाने पडला होता. बोधिसत्त्व म्हणाला, "माय, तुझ्या अंगात ताप लपलेला असला तर तो मला दिसत नाही. पुष्यकच्या अंगातलाही दिसला नव्हता." तिने खूप विनवले. त्याने तिला जाऊ दिले नाही. चौथ्या दिवशी तिचा मुलगा गेला. ती बोधिसत्त्वाशी बोलेनाशी झाली.

चाळिसातले अठरा दिवस झाले होते. नदी उतरून कमरेइतकी राहिली होती. त्या सकाळी समोरच्या वाळूवर कुमुदा उभी होती.

"सारीला फोड आलेत," ती ओरडून म्हणाली. "तुम्हाला बोलावते आहे."

बोधिसत्त्व घोट्यापर्यंत पाण्यात गेला. पलीकडे पोहोचायला फार वेळ लागला नसता. चुंदी तिथेच पाणी भरत होती. घडा खाली ठेवून ती त्याच्याजवळ आली.

"जा वैद्यबुवा. मी कोणाला सांगणार नाही."

"तुझा मुलगा जात असताना मी तुला अडवले."

"म्हणूनच सांगते," ती म्हणाली. "हे काय असते ते मला माहीत आहे."

तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग मागे फिरला, वाळूवर बसला आणि मोठ्याने म्हणाला, "तिचे डोळे कोमट पाण्याने पूस. घोट घोट पाणी देत राहा."

"तुम्ही येत नाही?"

"नाही."

कुमुदा परत गेली. पुढचे तीन दिवस ती सकाळी येऊन मुलीची हालत सांगत होती आणि तो काय करायचे ते सांगत होता. चौथ्या दिवशी ती आली आणि काही न सांगता वाळूवर बसली. तोही बसून राहिला. दोघांमध्ये नदी वाहत होती. ऊन डोक्यावर आले तेव्हा चुंदी येऊन त्याच्या शेजारी बसली.

चाळीस दिवस पुरे झाले. शालवतीतल्या तीनशे माणसांपैकी दोनशे वाचली होती. नगरातला तापही ओसरला. बोधिसत्त्व पाण्यातून चालत घरी गेला. आचार्य पिंगल तो निघाल्यावर तिसऱ्याच दिवशी वारले होते. आपण केले ते बरोबर होते का, हे विचारायला कोणी उरले नव्हते.

कुमुदेने दार उघडले. मुलीची सेवा करता करता तिलाही ताप आला होता, आणि तिच्या चेहऱ्यावर वण होते.

"तुम्ही आला असतात तर ती वाचली असती?" तिने विचारले.

"माहीत नाही."

तिने त्याच्या पायांवर पाणी घातले. "तुमच्यावरचा राग जाईल असे मला वाटत नाही," ती म्हणाली. "पण पुढे कुठून हाक आली तर मला घरी ठेवू नका. आता मला वण आहेत."

पुढे ती दोघे आयुष्यभर अशा गावांमधून फिरली, जिथे जायला दुसरे कोणी तयार नसे.

दूरच्या दुष्काळी प्रदेशात जाण्याची आज्ञा झालेला सुजात नावाचा भिक्खू मनात कचरत होता. त्याला शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली आणि पूर्वजन्माचा मेळ घालून दिला. ते म्हणाले, "सुजाता, तेव्हा पाण्याशी उभी राहून मला जा म्हणणारी चुंदी तूच होतास. कुमुदा म्हणजे आजची भिक्खुणी सोमदिन्ना. आचार्य पिंगल म्हणजे वृद्ध भिक्खू थेर वरुण. आणि क्षेमंकर वैद्य मी होतो."

सुजाताने विचारले, "भगवन्, आणि ती मुलगी?"

"ती या सभेत नाही," शास्ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितले की, वाट दिसत नसतानाही श्रद्धेने पाऊल टाकणे आणि टाकलेले पाऊल दुःखातही मागे न घेणे, ही अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची परिपूर्णता होय. दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाताने आपले पात्र आणि चीवर उचलले आणि तो निघाला.